लास्ट कमांडवरून ओव्हरटाइम काढता येतो का? साहेब हट्टाला पेटलेत

बंदरवाला_ॲडमिन
मंडळी, मस्जिद बंदरला एका क्लिअरिंग फॉरवर्डिंगच्या ऑफिसात सिस्टीम बघतो, म्हणजे प्रिंटरमधल्या कागदापासून सर्व्हरपर्यंत सगळंच माझ्या गळ्यात. सर्व्हर उबंटू १८.०४ आहे, जुना आहे माहितीये, त्यावरून ओरडू नका, त्यावर एक टेक्स्ट स्क्रीनवालं जुनं सॉफ्टवेअर चालतं आणि नाइट शिफ्टची पोरं विंडोज पीसीवरून पुटी (सर्व्हरला दुरून जोडणारा प्रोग्राम) उघडून लॉगिन करतात आणि शिपिंग बिलांच्या एंट्र्या मारतात. मोबाईलवरून लिहितोय त्यामुळे कमांडपण देवनागरीतच, सांभाळून घ्या.

तर झालं असं, साहेबांच्या भाच्याने त्यांना लास्ट कमांड चालवून दाखवली. झालं. "अरे मशीन सगळं लिहून ठेवतंय, कोण कधी आला कधी गेला, मग मस्टर कशाला पाहिजे, ओव्हरटाइम यावरूनच काढ." आता मी बघितलं तर आउटपुट असं येतंय (नावं बदललीत, पीटीएस म्हणजे टर्मिनल लाइन):

नाइट१, पीटीएस/२, शनि २२:१० ते क्रॅश (११:१०)
नाइट२, पीटीएस/४, सोम २१:०५, स्टिल लॉग्ड इन
ऑप्स, पीटीएस/१, सोम २२:३०, गॉन - नो लॉगआउट

नाइट१ म्हणतो शनिवारी रात्री पावणेदोनला बिल्डिंगची लाइट गेली, यूपीएस आडवा झाला, आम्ही अंधारात बसलो आणि पहिली लोकल पकडून घरी गेलो, मग ११ तास १० मिनिटं कुठून आली? नाइट२ हे मी टाइप करतोय तेव्हा बदलापूरला झोपलेला आहे पण मशीन म्हणतंय तो आत आहे. आणि सगळ्यात भारी म्हणजे नाइट३, रोज रात्री त्याच्या फाइली येतात, काम दिसतं, पण लास्टमध्ये त्याचं नावच नाही, एकदाही नाही. साहेबांच्या हिशोबाने त्याचा पगार शून्य. शिवाय लास्ट फक्त या महिन्याच्या एक तारखेपासूनचं दाखवतंय, मागचं गेलं कुठे?

ऑप्स हे अकाउंट दोघं जण वापरतात, ते वेगळंच लफडं. कोणी नीट समजावून सांगेल का, मला साहेबांपुढे बोलायला कायतरी पाहिजे.

लोकल_होस्ट
सोपंय रे, प्रत्येकाच्या होम फोल्डरमध्ये बॅशची (कमांड घेणारा शेल) हिस्टरीची फाइल असते ती बघ, कोणी काय कमांड मारली सगळं मिळेल. लास्ट बिस्ट सोड.

शेल_काढणारा
@लोकल_होस्ट नको रे असं काही सांगू. बॅश हिस्टरीत वेळ नसतेच जोपर्यंत हिस्टटाइमफॉरमॅट सेट केलेलं नाही, फाइल त्या पोराच्याच मालकीची असल्यामुळे तो ती कधीपण एडिट करू शकतो, आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये ती लिहिली जाते शेल बंद होताना, म्हणजे लाइट गेली त्या रात्रीचं काहीच नसणार. आणि त्यांचं सॉफ्टवेअर एकदा उघडलं की आतल्या एंट्र्या बॅशला दिसत पण नाहीत.

रूट_काका
जरा लांबलचक लिहितो, चहा घेऊन बस.

तीन फाइली आहेत. यूटीएमपी म्हणजे आत्ता या क्षणी कोण आत आहे ते, ही रन फोल्डरमध्ये असते आणि हू, डब्ल्यू या कमांड तीच वाचतात. डब्ल्यूटीएमपी म्हणजे मागची सगळी ये-जा, ही व्हार लॉग मध्ये, लास्ट हिच्यावर चालते. आणि बीटीएमपी म्हणजे फसलेली लॉगिन, ती लास्टबी दाखवते. ही पद्धत आजची नाही, १९७१ च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलमध्ये हू कमांड आहे आणि यूटीएमपी, डब्ल्यूटीएमपी या दोन्ही फाइलींची पानं पण आहेत. एक मशीन वीस जण वाटून वापरायचे त्या काळातली सोय ती. कोणता टर्मिनल कोणाकडे आहे हे कळावं म्हणून. लक्षात घे, टर्मिनल. माणूस नाही.

तुझ्या प्रश्नाची गोम इथेच आहे. डब्ल्यूटीएमपीत "नाइट१ आला आणि नाइट१ गेला" अशी एक ओळ नसतेच. दोन सुटी रेकॉर्ड असतात. आत येताना एक, टाइप ७, त्यात नाव, लाइन म्हणजे पीटीएस/२ वगैरे, कुठून आला तो आयपी आणि वेळ. बाहेर जाताना दुसरं, टाइप ८, त्यात लाइन आणि वेळ, नाव बहुतेक वेळा कोरं. यूटीएमपीडंप नावाची कमांड आहे, ती व्हार लॉग डब्ल्यूटीएमपी वर चालव, पहिल्या चौकोनी कंसात हा आकडा दिसेल तुला. लास्ट काय करते, फाइल शेवटाकडून उलटी वाचत येते, वाटेत पीटीएस/२ चं ८ भेटलं की लक्षात ठेवते, पुढे त्याच लाइनचं ७ भेटलं की दोन्ही वेळांची वजाबाकी करून तुला कंसात तास दाखवते. म्हणजे तासांचा आकडा कुठेही लिहिलेला नाही, तो लास्टने जुळवलेला आहे. ८ सापडलंच नाही तर ती अंदाज बांधते, आणि तुझ्या तिन्ही ओळी त्या अंदाजाच्याच आहेत.

नाइट१ चं बघ. लाइट गेली, मशीन बंद, ८ लिहायला कोणी जिवंतच नाही. रविवारी सकाळी कोणीतरी सर्व्हर चालू केला, तेव्हा बूटचं रेकॉर्ड पडलं, टाइप २. लास्टला नाइट१ चं लॉगिन दिसलं, त्याचं लॉगआउट नाही, पण पुढे बूट दिसलं, मग ती म्हणते क्रॅश, आणि तास मोजते लॉगिनपासून त्या बूटपर्यंत. तुझ्याकडे २२:१० आणि ११:१० तास म्हणजे सर्व्हर सकाळी ९:२० ला चालू झालाय, लास्ट रीबूट मारून ताडून बघ. पोरगा पावणेदोनपर्यंत होता हेच खरं असणार, बाकीचे साडेसात तास मशीन स्वतः मेलेलं होतं त्याचे आहेत. त्याचा ओव्हरटाइम तुझे साहेब देणार असतील तर मलाही ठेवून घ्या म्हणावं.

नाइट२ चं साधं आहे, पुटी उघडी ठेवून पीसी लॉक करून निघून गेला असेल. कनेक्शन चालू, सर्व्हरच्या दृष्टीने तो आतच आहे. डब्ल्यू मारून बघ, आयडल कॉलममध्ये किती वेळ कळफलकाला हात लागलेला नाही ते दिसेल.

आणि गॉन - नो लॉगआउट म्हणजे लॉगिन करताना जी प्रोसेस नोंदली होती ती आता जिवंत नाही पण ८ पण कोणी लिहिलं नाही. बहुतेक कोणीतरी किल हायफन नऊ (प्रोसेस जबरदस्तीने मारायची कमांड) मारलंय. तू का?

बंदरवाला_ॲडमिन
काका दंडवत. लास्ट रीबूट मारलं, रविवार ०९:२० बरोब्बर. साहेबांना स्क्रीनशॉट पाठवला, उत्तर आलंय "ओके बट देन हू प्रूव्ह्ज ही वॉज देअर टिल १:४५". म्हणजे अजून पेटलेत.

किल हायफन नऊ बद्दल नो कॉमेंट्स.

पण नाइट३ चं काय? त्याचं नाव कसं नाही येत?

पार्ले_लॅब
मी सांगते, आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये सेम प्रकार. तो नाइट३ पुटी वापरतच नाही, विनएससीपी (फाइली पाठवायचा प्रोग्राम) वापरत असणार, विचार त्याला. एसएसएचने (दुरून सुरक्षित लॉगिनची पद्धत) जेव्हा टर्मिनल मागितलं जातं तेव्हाच यूटीएमपी डब्ल्यूटीएमपीत नोंद पडते. एसएफटीपी, एससीपी (फाइली पाठवायच्या पद्धती), किंवा एसएसएच करून पुढे थेट एखादी कमांड दिली, तर टर्मिनल लाइन लागतच नाही, मग नोंद पण नाही. माणूस रात्रभर फाइली टाकत बसला तरी हू आणि लास्ट दोघींना त्याचा पत्ता नाही.

त्याचं खरं रेकॉर्ड व्हार लॉग मधल्या ऑथ डॉट लॉग मध्ये आहे (रेडहॅट घराण्यात त्याच फाइलचं नाव सिक्युअर). तिथे ॲक्सेप्टेड पासवर्ड फॉर नाइट३ फ्रॉम अमुक आयपी, मग सेशन ओपन्ड, मग सबसिस्टम रिक्वेस्ट फॉर एसएफटीपी, आणि शेवटी सेशन क्लोज्ड अशा ओळी सापडतील. तो आत असताना लॉगिनसीटीएल लिस्ट-सेशन्स मारलंस तर तिथेही दिसेल, फक्त टीटीवायचा (टर्मिनलचा) रकाना रिकामा, कारण सिस्टमडीचा लॉगिनडी (लॉगिनचा हिशोब ठेवणारी सेवा) टर्मिनल बघत नाही, पॅमकडून (लॉगिन तपासणारी यंत्रणा) सेशन उघडलं की नोंदवतो. म्हणून मी तर हू वापरणंच सोडून दिलंय, लॉगिनसीटीएल सेशन-स्टेटस आणि पुढे सेशनचा नंबर, त्या सेशनमधल्या सगळ्या प्रोसेसचं झाड समोर येतं.

आता ऑप्स. शेअर्ड अकाउंट म्हणजे लॉगला विचारून उपयोग नाही, लॉगच्या दृष्टीने तुमची दोन पोरं मिळून एकच माणूस आहे. लगेच बंद करता येत नसेल तर निदान पासवर्ड काढून दोघांना वेगवेगळ्या की (पासवर्डऐवजी लॉगिनसाठीच्या किल्ली-फाइली) द्या. ऑथ डॉट लॉगमध्ये ॲक्सेप्टेड पब्लिककी च्या ओळीच्या शेवटी त्या कीचा एसएचए२५६ ठसा येतो, आणि एसएसएच-कीजेन ला हायफन एल एफ देऊन ऑथराइज्ड कीज फाइल दिली की कोणता ठसा कोणाचा त्याची यादी मिळते. दोन्ही जुळवलं की ऑप्समधून नेमका कोण आला ते कळतं. पण बरं म्हणजे प्रत्येकाने आपल्या नावाने यायचं आणि मग सुडो (दुसऱ्या युजरच्या हक्काने कमांड चालवणं) करून ऑप्स व्हायचं. तसं केलं की ऑथ डॉट लॉगमध्ये सुडोची ओळ मूळ नावानिशी पडते. ऑडिटडी (लिनक्सची ऑडिट नोंदी ठेवणारी सेवा) टाकलात तर अजून चांगलं, त्यात एयूआयडी म्हणून एक आकडा असतो, तो लॉगिनच्या वेळी चिकटतो आणि नंतर सुडो करा, एसयू करा (दुसरा युजर व्हा), बदलत नाही.

गंमत म्हणून करून बघ, एसयू करून ऑप्स हो आणि हूअमाय जोडून लिही, उत्तर येईल ऑप्स. हू ॲम आय सुटं लिही, तुझं मूळ नाव येईल. पहिली सध्याचा युजर सांगते, दुसरी यूटीएमपीत त्या टर्मिनलसमोर काय लिहिलंय ते वाचते.

घाटकोपर_ग्रेप
इथे एक प्रश्न घुसडतो, सॉरी. मी डेबियन १३ टाकलं नवीन मशीनवर आणि लास्ट मारलं तर कमांड नॉट फाउंड! लास्टबी पण नाही, लास्टलॉग (प्रत्येकाचं शेवटचं लॉगिन दाखवणारी) पण नाही. काही चुकलं का इन्स्टॉल करताना?

रूट_काका
@घाटकोपर_ग्रेप काही चुकलं नाही, डेबियन १३ मधून तिन्ही काढून टाकल्यात. कारण २०३८. या फाइलींमध्ये वेळेला ३२ बिटांचीच जागा ठेवलेली आहे, १९ जानेवारी २०३८ ला आपल्या घड्याळाने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी ती भरते. मंगळवार आहे, ऐन पीक अवर. तू म्हणशील मशीन तर ६४ बिट आहे. हो, पण एकाच मशीनवर ३२ बिट आणि ६४ बिट दोन्ही प्रकारचे प्रोग्राम तीच फाइल लिहू वाचू शकावेत म्हणून ग्लिबसीने (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) ६४ बिट इंटेलवर पण रेकॉर्डमधला वेळ ३२ बिटच ठेवला. एक रेकॉर्ड ३८४ बाइटचं, त्यातले २५६ एकट्या होस्टच्या नावाला, आणि वेळेला सेकंदांसाठी चार. आता आकार बदलला तर जुनं सगळं वाचताना वाट लागणार, म्हणून मूळ डेव्हलपर म्हणतात आम्ही फॉरमॅट बदलणार नाही, तुम्हीच ही पद्धत सोडा.

बदली काय ते सांगतो. लास्टच्या जागी डब्ल्यूटीएमपीडीबी, सोबत त्याचं पॅम मॉड्युलचं पॅकेज लिबपॅम-डब्ल्यूटीएमपीडीबी घातलंच पाहिजे नाहीतर नोंदच पडणार नाही. ही माहिती एसक्यूलाइटच्या डेटाबेसमध्ये जाते. लास्टलॉगच्या जागी लास्टलॉग२, त्यालाही स्वतःचं पॅम पॅकेज. आणि नुसतं कोणतं अकाउंट शेवटचं कधी वापरलं एवढंच हवं असेल तर एलएसलॉगिन्स आधीपासून असतंच. फसलेल्या लॉगिनसाठी जर्नलसीटीएल (सिस्टमडीचे लॉग दाखवणारी कमांड) मध्ये एसएसएचडीच्या (एसएसएच सर्व्हरच्या) ओळी चाळ. टाकायचं असेल तर आजच टाक, कारण नोंदी टाकल्यापासून पुढच्याच मिळतात.

बीएसडी_बाबू
लिनक्सवाल्यांना आता जाग आली. फ्रीबीएसडीने (युनिक्स घराण्यातली दुसरी सिस्टीम) ९.० पासूनच यूटीएमपी उडवून यूटीएमपीएक्स केलं, फाइलींची नावं पण वेगळी, यूटीएक्स डॉट ॲक्टिव्ह, यूटीएक्स डॉट लॉग, यूटीएक्स डॉट लास्टलॉगिन. कमांड त्याच, हू आणि लास्ट. पॉझिक्समध्ये (युनिक्ससारख्या सिस्टीमचं मानक) पण यूटीएमपीएक्सच आहे, यूटीएमपी नाहीच.

शेल_काढणारा
बाबूजी आले, आता धागा भरला. पण याच्यावरून आठवलं, कोणी अल्पाइन लिनक्सच्या कंटेनरमध्ये हू मारून डोकं धरून बसलं असेल तर, तिथे ग्लिबसीच्या जागी मसल लायब्ररी आहे आणि तिच्यात यूटीएमपीची फंक्शनं नुसती नावाला आहेत, आतून रिकामी. तिथे कायम कोणीच नसतं.

बंदरवाला_ॲडमिन
नाइट३ सापडला! विनएससीपीच. ऑथ डॉट लॉग ग्रेप केला तर रोज २१:५० च्या आसपास हजर, पोरगा सगळ्यांपेक्षा वेळेवर निघाला. साहेबांना दाखवलं तर गप्प झाले, आणि मग म्हणाले "ठीक आहे, मग सगळ्यांचे तास एकत्र करून देणारी कमांड असेलच ना". भाच्याने परत शोधून काढलं, एसी नावाची कमांड आहे म्हणे, एसी हायफन पी, प्रत्येक युजरचे एकूण तास. चालवली. नाइट२ चे एका दिवसाचे ३१ तास आलेत. मी काही बोललो नाही, नुसता स्क्रीन त्यांच्याकडे फिरवला.

आता खरंच विचारतो, ३१ कसे?

रूट_काका
😂 एसी पण डब्ल्यूटीएमपीच वाचते आणि प्रत्येक लाइनचे तास बेरीज करते. त्याने दोन पुटी उघडल्या की एका तासाचे दोन. टीमक्स (एका टर्मिनलमध्ये अनेक खिडक्या, म्हणजे पेन, उघडणारा प्रोग्राम) वापरत असेल तर अजून मजा, डेबियन उबंटूमधला टीमक्स प्रत्येक पेनसाठी यूटीएमपीत वेगळी नोंद टाकतो, हू मध्ये होस्टच्या जागी टीमक्स आणि कंसात आकडा असं दिसतं ते हेच. चार पेन म्हणजे चार नाइट२. एसी ही टर्मिनलचं भाडं लावायच्या काळातली कमांड आहे, दोन टर्मिनल अडवले तर दुप्पट भाडं, तिथे ते बरोबर होतं.

साहेबांना सोप्या भाषेत सांग, सोसायटीच्या वॉचमनचं रजिस्टर बघितलंय ना, आत येताना सगळे सही करतात, जाताना टाइम कोणी टाकत नाही आणि मागच्या गेटने आलेल्याची एंट्रीच नसते. त्या रजिस्टरवरून चोर शोधायला मदत होते, कोणाचा पगार काढत नाहीत.

फोर्ट_ऑडिट
मी ऑडिटच्या बाजूने बोलतो, रोज असले लॉग बघतो. दोन मुद्दे आहेत ज्यावर इथे कोणी अजून आलं नाही.

पहिला, डब्ल्यूटीएमपी पुरावा म्हणून फार कच्ची आहे. काकांनी यूटीएमपीडंप सांगितलं, त्यालाच हायफन आर दिलं की उलटं होतं, टेक्स्टमधून परत बायनरी फाइल बनते. म्हणजे ज्याच्याकडे रूट (मशीनवरचे सर्वोच्च हक्क) आहे तो डंप काढेल, व्हीआय एडिटरमध्ये वेळ बदलेल, परत भरेल, कोणाला काही कळणार नाही. आणि तुमच्या ऑफिसात रूट कोणाकडे आहे? ॲडमिनसाहेब, तुमच्याकडेच. उद्या ओव्हरटाइमवरून भांडण झालं तर बोट पहिलं तुमच्याकडे येणार. तेव्हा पगार या फाइलवर ठरवायचा नाही हे तुमच्याच भल्यासाठी लेखी मेल करून ठेवा. लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवा, आरसिसलॉगने होतं, आणि त्या दुसऱ्या मशीनचं रूट तुमच्याकडे नको.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा आणि त्याकडे तुमच्या साहेबांचं लक्ष असायला पाहिजे. सर्ट-इनचे (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत, त्यात कंपन्यांनी आपल्या आयसीटी (माहिती-संपर्क तंत्रज्ञान) सिस्टीमचे लॉग चालू ठेवायचे आणि मागचे १८० दिवस जपून ठेवायचे असं स्पष्ट म्हटलंय. घड्याळ पण एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी (वेळ देणाऱ्या) सर्व्हरशी, नाहीतर त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी, लावलेलं हवं, आणि सायबर सुरक्षेची घटना घडली तर कळल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवायचं. आता तुमचं लास्ट एक तारखेपासूनच का दाखवतंय, तर लॉगरोटेट (जुने लॉग ठरावीक काळाने बाजूला काढून पुसणारा प्रोग्राम). उबंटू १८.०४ ला ईटीसी मधल्या लॉगरोटेट डॉट कॉन्फ मध्ये डब्ल्यूटीएमपीचा तुकडा आहे, त्यात मंथली आणि रोटेट १ लिहिलेलं असतं. म्हणजे चालू महिना आणि मागचा एक, बस. मागचा महिना बघायला लास्ट हायफन एफ देऊन, छोटा एफ बरं का, डब्ल्यूटीएमपी डॉट १ फाइल द्या. त्याच्या आधीचं गेलं, मिळणार नाही. रोटेट ७ करून टाका. ऑथ डॉट लॉगचं त्याहून वाईट, तो आठवड्याला फिरतो आणि चारच ठेवतो, रोटेट २७ तरी हवं. डब्ल्यूटीएमपीला जागेची चिंता करू नका, ३८४ बाइटच्या हिशोबाने दहा हजार नोंदी झाल्या तरी चार एमबी होत नाहीत.

पार्ले_लॅब
जागेवरून आठवलं, बीटीएमपी मात्र बघत जा. सर्व्हरचा २२ नंबरचा (एसएसएचचा) पोर्ट बाहेर उघडा असेल तर बॉट रात्रंदिवस पासवर्ड ठोकत असतात आणि ती फाइल फुगत जाते. आणि तिची परमिशन सैल करू नका, कारण लोक घाईत युजरनेमच्या जागी पासवर्ड टाइप करतात आणि तो जसाच्या तसा तिथे नावाच्या रकान्यात छापला जातो. आमच्याकडे एका सरांचा सापडलाय, बायकोचं नाव आणि १२३.

आणि लास्टलॉग फाइल एलएसमध्ये कितीतरी जीबीची दिसली तर घाबरून डिलीट करू नका. त्यात प्रत्येक युजरची जागा त्याच्या यूआयडी नंबरप्रमाणे ठरलेली असते, डोमेनमधला मोठा नंबरवाला युजर आला की फाइल एकदम लांब होते पण मधली जागा पोकळ. डीयू (खरी व्यापलेली जागा दाखवणारी कमांड) मारा, काही केबीच निघेल.

घाटकोपर_ग्रेप
माझं पण एक, क्लाउडवरच्या सर्व्हरवर सगळी लॉगिन दुपारी साडेतीनची दिसायची आणि शिफ्ट तर रात्री नऊची. मी दोन पोरांना झापलं पण. मग कळलं सर्व्हर यूटीसीवर (जागतिक वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) आहे. आता कमांडच्या आधी टीझेड बरोबर एशिया/कोलकाता लिहून लास्ट मारतो, वेळ आपली येते. फाइलीत वेळ सेकंदांच्या आकड्यात असते त्यामुळे सर्व्हरचं सेटिंग बदलावं लागत नाही.

बंदरवाला_ॲडमिन
@फोर्ट_ऑडिट तुमचा १८० दिवसांचा मुद्दा जसाच्या तसा मेलमध्ये टाकला आणि जादू झाली. साहेबांनी सीएला फोन लावला, सीएने कोणाला तरी लावला, आणि संध्याकाळी मला सांगितलं लॉगसाठी वेगळा पीसी घे, मस्टर आहे तसं चालू दे. दाराशी अंगठ्याचं मशीन बसवणार म्हणे, ते बसवू देत, माझं काय जातंय. लाइट गेली त्या रात्रीचं नाइट१ ला पूर्ण शिफ्टचं लावलं, ते पोरांनी स्वतःच साहेबांकडून करून घेतलं.

ऑप्सच्या दोन की बनवल्या, पासवर्ड बंद. आता फक्त नाइट२ सारखी उघडी पुटी ठेवून जाणारी मंडळी राहिली. नेटवर वाचलं की एसएसएचडीमध्ये क्लायंटअलाइव्हइंटरव्हल ३०० टाकलं की पाच मिनिटं काही केलं नाही तर बाहेर फेकतो. टाकू का?

शेल_काढणारा
टाक, पण त्याने ते होणार नाही. क्लायंटअलाइव्ह म्हणजे सर्व्हर मधूनमधून विचारतो "आहेस का", आणि उत्तर पुटी देते, माणूस नाही. माणूस बदलापूरला घोरत असला तरी पुटी बिचारी हो म्हणत राहणार. पीसी बंद पडला, नेट गेलं, अशी मेलेली कनेक्शनं साफ करायला ते उपयोगी आहे. ते नसेल तर टीसीपीच्या नेहमीच्या कीपअलाइव्हवर भिस्त, आणि लिनक्समध्ये त्याचा पहिला धक्काच ७२०० सेकंदांनी म्हणजे दोन तासांनी जातो, तोवर लास्टमध्ये भूत बसून.

रिकामा बसलेला शेल बंद करायला बॅशचा टीएमआउट वापर. ईटीसी प्रोफाइल डॉट डी मध्ये एक फाइल कर, टीएमआउट बरोबर १८००, रीडओन्ली आणि एक्स्पोर्ट. अर्धा तास प्रॉम्प्टवर काही टाइप झालं नाही की शेल आपोआप बंद.

बंदरवाला_ॲडमिन
पण ते तर दिवसभर सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवर असतात, प्रॉम्प्टवर नाही?

शेल_काढणारा
मग टीएमआउट लागणार नाही, तो फक्त बॅश प्रॉम्प्टवर वाट बघत असेल तेव्हाच मोजतो. आत तुमचं सॉफ्टवेअर, व्हीआय, टेल हायफन एफ, काहीही चालू असेल तर घड्याळ बंद. त्या सॉफ्टवेअरच्याच सेटिंगमध्ये टाइमआउट आहे का बघ, जुन्या टेक्स्टवाल्या पॅकेजांमध्ये बऱ्याचदा असतो. नसेल तर डब्ल्यूचा आयडल कॉलम सकाळी सात वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) बघ आणि तीन तासांच्या वर गेलेल्यांची यादी स्वतःला मेल कर. मारायचं झालं तर लॉगिनसीटीएल टर्मिनेट-सेशन वापर, एंट्री अर्धवट नाही ना हे त्या पोराला फोन करून आधी विचार. आणि कृपा करून किल हायफन नऊ नको.